टँकर मागवाल तर काय येईल?

माझ्या थोरल्या भावाची उभी हयात महापालिकेच्या अग्निशमन दलात गेली. फायरमन म्हणून लागला, तांडेल झाला, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झाला. माझी मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यात राहते, दिवसा कॉम्प्युटरवर काम करते आणि उरलेल्या वेळात गावच्या फायर कंपनीत बिनपगारी जवान असते. त्याआधी ती कॅलिफोर्नियात होती. आम्ही दोघं भावंडं तिच्याकडे राहायला गेलो, तेव्हा तिच्या कंपनीत पाण्याची नवी गाडी घ्यायचं घाटत होतं. गाडीच्या दारावर ‘टँकर’ रंगवायचं की ‘टेंडर’, यावरून बैठकीत चांगलीच जुंपली होती. दादाच्या कानावर हे गेलं आणि त्याला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच अंगात आल्यासारखं झालं. पुढचं बोलणं त्या दोघांचं. मी मधे तोंड घातलं आहे ते कंसात.

मामा : यात बैठक कसली भरवता? पाणी वाहून आणतो तो टँकर. आमच्या जत तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

भाची : इथलंही तेच सांगेल, मामा. पूर्वेकडच्या राज्यांत टँकर म्हणजे पाण्याचा ट्रकच. पण मी कॅलिफोर्नियात होते तेव्हा टँकर म्हटलं की माणसं मान वर करून आभाळात बघायची. तिकडे टँकर म्हणजे विमान. डोंगरावर ते लाल रसायन सोडत जातं ना, ते. डीसी-१० असेल तर एका खेपेत ९,४०० गॅलन. जमिनीवरून पाणी आणणाऱ्या ट्रकला तिकडे वॉटर टेंडर म्हणतात.

मामा : म्हणजे वायरलेसवर तोच शब्द बोलायचा आणि एकीकडे ट्रक यायचा, दुसरीकडे विमान. छान! भाडं कोण भरतं त्या विमानाचं?

भाची : म्हणून तर भांडण आहे. १९७० साली कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले होते. १६ माणसं गेली, ७०० च्या वर घरं-इमारती जळाल्या. मदतीला ठिकठिकाणची दलं आली, पण प्रत्येकाचे शब्द वेगळे, रेडिओ वेगळे, हुकूम देणारा वेगळा. त्यानंतर तिकडच्या दलांनी बसून एक पद्धत बांधली, शब्द ठरवले. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर केंद्रानं तीच पद्धत देशभर लागू केली, २००४ मध्ये. म्हणजे पश्चिमेची भाषा सगळ्यांची झाली. आता कागदोपत्री आमचा टँकर हा टेंडर आहे. आमच्या कंपनीतले म्हातारे म्हणतात, आमच्या आजानं या गाडीला टँकर म्हटलं, तुमच्या विमानांसाठी आम्ही रंग का खरवडायचा?

मामा : खरवडा. आगीत भावना कसल्या? एका देशात एका गाडीला एक नाव.

भाची : तुम्ही कुठल्या गाडीवर होता हो?

मामा : वॉटर टेंडरवर. बरीच वर्षं.

भाची : त्यात काय काय असायचं?

मामा : काय म्हणजे? पंप, पाण्याची टाकी, होज, होजच्या तोंडाला लावायची ब्रँच, शिडी, वरती जवान. वर्दी आली की पहिली सुटणारी गाडी.

भाची : मग तुम्ही कॅलिफोर्नियात आगीसमोर उभे राहून वॉटर टेंडर मागवलात, तर पाणी येईल आणि एक ड्रायव्हर येईल. जवान येणार नाहीत, शिडी येणार नाही. तुमच्या त्या गाडीला तिथे इंजिन म्हणतात.

(दादानं चहाचा कप खाली ठेवला. हा मुद्दा लागला होता. पण सरकारी नोकरीत मुरलेला माणूस हार मानताना आधी जबाबदारी दुसऱ्या खात्यावर ढकलतो.)

मामा : ते नाव आम्ही ठेवलेलं नाही, इंग्रजांनी ठेवलं. त्यांच्याकडेही वॉटर टेंडर म्हणजे पंपाचीच गाडी. आम्ही ते तसंच पुढे चालवलं. नुसतं पाणी आणणाऱ्या मोठ्या गाडीला मुंबईत जंबो टँकर म्हणतात, आणि त्यात कुणाचा घोटाळा होत नाही.

भाची : कारण तिथे बोलणारे आणि ऐकणारे एकाच दलात पगार घेतात. माझं म्हणणं तेवढंच आहे. शब्द चुकीचा नसतो, ऐकणारा बाहेरचा असला की घोटाळा होतो.

(इंजिन आणि ट्रक यांत फरक काय, असं मी विचारलं. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी वरण आणि आमटीत फरक काय असं विचारलं होतं. फरक असा : इंजिनात पंप, पाणी आणि होज. ट्रक म्हणजे लांब शिडीची गाडी, तिच्यावरचे लोक दारं फोडतात, छत कापून धूर बाहेर काढतात, माणसं शोधतात. अमेरिकेत इंजिनाला ट्रक म्हणणं हे नवखेपणाचं लक्षण आहे. ऑस्ट्रेलियात मात्र सगळ्यालाच ट्रक म्हणतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.)

भाची : आणि हे दोनच शब्द तरी ठरलेले आहेत. वॉशिंग्टन आणि मेरीलँडच्या बाजूला इंजिनाला वॅगन म्हणणारे अजून आहेत. पूर्वी तिथे जोडगाडी असायची. एक गाडी होज वाहायची, ती वॅगन. दुसरी नळावर बसून पाणी दाबायची. जोडगाडी गेली, नाव राहिलं. स्क्वॉड म्हटलं तर ओहायोत ॲम्ब्युलन्स येते, न्यूयॉर्क शहरात खास तालमीचे जवान घेऊन इंजिन येतं. रेस्क्यू म्हटलं तर ऱ्होड आयलंडमध्ये ॲम्ब्युलन्स, आमच्याकडे गाडीचा पत्रा कापायची हत्यारं असलेली मोठी व्हॅन.

मामा : आणि तुझ्या स्वतःच्या मोटारीत तो निळा दिवा आहे, तो कसला? मला वाटलं पोलिसांचा.

भाची : पेनसिल्व्हेनियात तो स्वयंसेवकाचा. शेजारी न्यूयॉर्कमध्ये आगवाल्यांचा निळा, ॲम्ब्युलन्सवाल्या स्वयंसेवकांचा हिरवा. देशातल्या बऱ्याच राज्यांत मात्र निळा दिवा फक्त पोलिसांचा. राज्याची हद्द ओलांडली की मी तो झाकून ठेवते.

मामा : बघ. दिव्यालासुद्धा एक रंग नाही. तुला बाल्टिमोरची आग माहिती आहे?

भाची : मला ती तुम्ही सांगणार, हे मला माहिती आहे.

मामा : ऐक. ७ फेब्रुवारी १९०४. शहराचा मधला भाग पेटला. वॉशिंग्टनहून इंजिनं आगगाडीवर चढवून आणली. धावत आली, वेळेत आली. होज नळाला लावायला गेले तर आटेच जुळेनात. कपलिंगचा व्यास वेगळा, इंचामागे आट्यांची संख्या वेगळी. जवान उभे, पाणी नळात, आग समोर. ३० तासांच्या आसपास जळत होतं, १,५०० वर इमारती गेल्या. नंतर सरकारनं मोजणी केली तर देशभरात होजच्या कपलिंगचे ६०० हून जास्त प्रकार निघाले! प्रत्येक गावाचा आपला. तुझ्यासारख्याच कुणीतरी म्हटलं असेल, आमच्या आजाचे आटे आहेत.

भाची : मान्य.

मामा : थांब, झालं नाही. १९०५ मध्ये राष्ट्रीय मोजमाप ठरलं. आणि १९९१ च्या ऑक्टोबरात ऑकलंडच्या टेकड्या पेटल्या, २५ माणसं गेली, तेव्हा शहराच्या नळांचं तोंड तीन इंची आणि मदतीला आलेल्यांचे होज अडीच इंची! ८६ वर्षं झाली होती मोजमाप ठरून. आमच्याकडे बघ. ६३ मिलिमीटरचं इन्स्टंटेनियस कपलिंग. आटे नाहीत, काही नाही. मेल आत सारायचं, खटका बसला की झालं. नागपूरचा होज कोल्हापूरच्या पंपाला लागतो.

भाची : जर्मनीतलं स्टॉर्झ कपलिंग त्याहून बरं. त्याला मेल-फीमेल भानगडच नाही, दोन्ही टोकं सारखी. होज कुठूनही उलगडा. आमच्या मोठ्या पाच इंची होजला तेच आहे. मामा, कपलिंगबाबत मी तुमच्या बाजूनं आहे. लोखंड लोखंडाला जुळलंच पाहिजे, तिथे मतभेदाला जागा नाही. पण गाडीचं तसं नाही. गाडी जमिनीला जुळावी लागते.

मामा : म्हणजे?

भाची : मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याकडे, केप कॉडच्या बाजूला, वाळूची जमीन, त्यावर ठेंगण्या पाइनचं आणि खुरट्या ओकचं रान. आग त्या रानात शिरली की रस्त्यावरून पाणी मारून उपयोग नाही, आत घुसावं लागतं. म्हणून त्यांनी लष्करी ट्रकांच्या सांगाड्यावर पुढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा चढवला. ती गाडी झाडं मोडत आत जाते. तिचं नाव ब्रश ब्रेकर. खाली लाँग आयलंडवर तसलंच रान, तसलीच गाडी, तिचं नाव स्टंप जंपर. अशी गाडी तुम्ही माझ्या गावात आणलीत तर ती ओढ्याच्या पुलावरूनही जाणार नाही. आणि आमची लांबलचक पाण्याची गाडी त्या वाळूत नेलीत तर चाकं रुतून बसेल.

मामा : तुझ्या गावात काय वेगळं आहे?

भाची : नळच नाहीत. गावठाण संपलं की हायड्रंट संपला. इंजिन हजार गॅलन घेऊन दारात पोचतं, दोन होज चालू केले की ते चार-पाच मिनिटांत रिकामं. तोवर रस्त्याच्या कडेला फोल्डिंग टाकी मांडायची. ॲल्युमिनियमची चौकट आणि जाड ताडपत्री, गाडीच्या अंगाला घडी करून टांगलेली असते. दोघांनी धरून उतरवायची, पुस्तकासारखी उघडायची. टँकर पाठमोरा येतो, मागचा मोठा झडप-दरवाजा उघडतो आणि दोन हजार गॅलन धो धो टाकीत. दोन-तीन मिनिटांत रिकामा होऊन तो तळ्याकडे निघतो, पाठोपाठ शेजारच्या गावाचा दुसरा उभा असतो. इंजिन टाकीतून सक्शननं पाणी ओढत राहतं.

मामा : सक्शनला तळाशी गाळणी कुठली लावता? पाणी उतरलं की भोवरा पडतो. भोवरा पडला की पंप हवा ओढतो, आणि ब्रँच धरलेल्या पोराच्या हातातलं पाणी जातं.

भाची : चपटी गाळणी. टाकीच्या तळाला चिकटून बसते, दोन-तीन इंच पाणी उरेपर्यंत ओढते.

मामा : आणि तळ्यावर?

भाची : तळ्यात आधीच पाइप गाडून ठेवला आहे. ड्राय हायड्रंट. काठावर नुसतं तोंड दिसतं, आत दाब नाही, पंपानं ओढायचं. हिवाळ्यात वरचा बर्फ फोडत बसावं लागत नाही.

मामा : हे चांगलं आहे.

(एवढं बोलून दादा बराच वेळ कागदावर टाकीची आकृती काढत बसला. टेंडर की टँकर हे तो या पाच मिनिटांत साफ विसरला होता, आणि माझ्या मते तेव्हाच त्या दोघांचं खरं बोलणं झालं.)

मामा : पण आता माझं ऐक. गाडी जमिनीला जुळावी, ठीक. ती जुळवतं कोण? तुमच्या कंपन्या जुना दुधाचा नाहीतर तेलाचा टँकर स्वस्तात आणतात, लाल रंग देतात, वर दिवे बसवतात. हो की नाही?

भाची : पूर्वी सर्रास. आता कमी.

मामा : दुधाच्या टँकरला आत आडव्या पत्र्याच्या भिंती नसतात, कारण धुवायला अडचण होते. दोन हजार गॅलन पाणी म्हणजे साडेसात टन. वळणावर ते सगळं एका अंगाला जातं. त्यात तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे तेलाच्या टाकीत पाणी काठोकाठ भरलं की खालचा सांगाडा आणि ब्रेक पेलत नाहीत. हौसेनं बनवलेल्या गाडीत हौशी माणूस मरतो.

भाची : मरतात. सरकारच्या अग्निशमन खात्यानं २००३ मध्ये टँकर सुरक्षित चालवण्यावर आख्खा अहवाल काढला, तो याच कारणानं. टँकर इतर गाड्यांच्या मानानं थोडे, पण अपघातात गेलेल्या जवानांत टँकरवाल्यांचा वाटा फार मोठा. आणि बहुतेकदा समोर दुसरी गाडी नसते. उजवी चाकं डांबरावरून खाली उतरतात, ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग डावीकडे ओढतो, मागचं पाणी लोटतं, गाडी उलटते. पट्टा लावलेला नसतो.

मामा : मग?

भाची : मग नव्या गाडीत आडव्या आणि उभ्या, दोन्ही दिशांना भिंती आहेत. त्यावर बैठकीत एकाही म्हाताऱ्यानं हुज्जत घातली नाही. भांडण फक्त दारावरच्या अक्षरांचं.

मामा : जर्मनीत असं होत नाही. तिथेही दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत म्हणे, पण गाडी सरकारी मानकाप्रमाणे. नावातच आकडा. एलएफ २०, टीएलएफ ३०००. संपलं.

भाची : आकडा कशाचा?

मामा : लिटरचा असेल.

भाची : टीएलएफ ३००० मध्ये लिटरचा. टाकीत तीन हजार लिटर. एलएफ २० मधला वीस म्हणजे पंप मिनिटाला दोन हजार लिटर फेकतो. एका मानकात आकड्याचे दोन अर्थ. आणि वायरलेसवर सगळीकडे नाव संत फ्लोरियनचं, पण पुढचे गाडीचे आकडे एका राज्यात एका पद्धतीनं, दुसऱ्यात दुसऱ्या.

(फ्लोरियन हा तिकडे आगवाल्यांचा रक्षणकर्ता संत. कंट्रोल रूमनं हाक मारायची ती ‘फ्लोरियन’ आणि पुढे गावाचं नाव. मला हे फार आवडलं. आपल्याकडे ‘मारुती सांगली’ अशी हाक मारली तर वर्दीवर जाताना जोर येईल.)

भाची : मला विचाराल तर सगळ्यांत शहाणी नावं दक्षिण ऑस्ट्रेलियात आहेत. तिथे गाडीचं नाव चौतीस. तीन म्हणजे तीन हजार लिटर, चार म्हणजे चारही चाकांना जोर. चोवीस म्हटलं की दोन हजार लिटर. पुढे पी लागला की शहरी पंपाचीही सोय. गावाचं नाव आणि आकडा, बस्स.

मामा : हे मला पटलं. नाव म्हणजे हिशेब हवा.

भाची : पण त्याच देशात, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात, टँकर म्हणजे काय माहिती आहे? नुसतं पाणी वाहणारा नाही. वणव्याच्या तोंडावर पहिली जाणारी गाडी. तुमची वॉटर टेंडर! १९९८ च्या डिसेंबरात लिंटनला वारा फिरला आणि असल्याच एका टँकरवरचे पाचही स्वयंसेवक गेले. गाडीत पुरेसं पाणी उरलं नव्हतं. त्यानंतर तिथे गाडी रिकामी करायचीच नाही, स्वतःला वाचवण्यापुरतं पाणी राखून ठेवायचं, असा दंडक झाला. आता हे आमच्या माणसाला सांगा. आमचा टँकर रिकामा होण्यासाठीच असतो. शब्द एक, पण त्याच्याबरोबर शिकवलेली सवय उलटी.

मामा : म्हणजे तू माझंच म्हणणं सिद्ध करते आहेस. शब्द एक करा.

भाची : शब्द एक करून सवय एक होत नाही, मामा. अमेरिकेच्या वणवा-दलांनी यावर दुसरा तोडगा काढला आहे आणि तो मला जास्त आवडतो. त्यांनी गाड्यांना टाइप दिले. इंजिनांचे एक ते सात. टाइप वन म्हणजे शहरी इंजिन : किमान ३०० गॅलन, मिनिटाला १,००० गॅलनचा पंप, चार माणसं. टाइप थ्री म्हणजे डोंगरातलं : ५०० गॅलन, पंप लहान, तीन माणसं. टाइप सिक्स म्हणजे पिकअपवर बांधलेली टाकी : १५० गॅलन, दोन माणसं. टेक्सासमधला तिला बूस्टर म्हणो, मिनेसोटातला ग्रास रिग म्हणो, कागदावर ती टाइप सिक्स. घरी टोपणनाव, शाळेच्या दाखल्यावर खरं नाव.

मामा : आणि बाहेरून माणसं आली की कुठलं नाव चालतं?

भाची : दाखल्यावरचं. कोडवर्डही बंद. अनेक खात्यांची माणसं एकत्र आली की साध्या भाषेत बोलायचं, असा केंद्राचा नियम आहे. मी तर वायरलेसवर नावही घेत नाही, दोन हजार गॅलन पाणी पाहिजे म्हणते.

मामा : मग दारावर काय लिहिणार?

भाची : टँकर. मतदान झालं.

मामा : मतदान? चीफनं सांगायचं आणि रंगाऱ्यानं रंगवायचं. मतदान कसलं?

भाची : चीफलाही आम्हीच निवडतो.

मामा : कोण आम्ही?

भाची : कंपनीचे सभासद. ही सरकारी खात्याची शाखा नाही, मामा. नोंदणी केलेली स्वतंत्र संस्था आहे. इमारत आमची, गाड्या आमच्या. थोडे पैसे गावाच्या कराचे, बाकी जत्रा, बिंगो आणि चिकन बार्बेक्यूचे. बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ मध्ये फिलाडेल्फियात शेजाऱ्यांना जमवून अशीच कंपनी काढली होती, तेव्हापासूनची ही रीत. देशातल्या जवानांपैकी तीनातले जवळपास दोन बिनपगारी आहेत. त्यांना कुणी दिल्लीहून परिपत्रक काढून सांगू शकत नाही की उद्यापासून टँकर म्हणू नका.

मामा : निवडणुकीनं चीफ! म्हणजे ज्याच्यावर पोरं खूश, तो वर्दीवर हुकूम देणार? गुणवत्ता, सेवाज्येष्ठता, खात्याची परीक्षा, काही नाही?

भाची : उभं राहायला प्रशिक्षणाची अट आहे, अनुभवाची आहे. त्यापुढे मतं.

मामा : आणि हरलेला चीफ काय करतो? बदली मागतो?

भाची : पुढच्या वर्दीला नव्या चीफच्या हाताखाली होज धरतो.

मामा : धरतो?

भाची : धरावाच लागतो. १९८४ मध्ये देशात नऊ लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते, २०२० मध्ये पावणेसात लाखांवर आले. दिवसा गावात वर्दी आली तर आम्ही कधी चार जण जमतो, कधी तीन. रुसून घरी बसायला माणसं शिल्लक कुठे आहेत?